चौदा मीटरचे अंतर

(मंडळाच्या आषाढातील मासिक सभेत छायाचित्रांसह केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बोलण्याची मला सवय नाही. मी डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला माणूस. वीस वर्षे तलावांचे बांध, कालवे आणि एम. बी. ची पाने यांत गेली. ऑफिसात बोलतो ते कन्नडमध्ये, आणि तेही बहुतेक आकड्यांत. त्यामुळे चिटणीसांनी भाषणाचे विचारले तेव्हा मी आधी नको म्हणालो. ते म्हणाले, "अहो, गेल्या गणपतीत प्रदर्शनात तुमचा तो समुद्रपक्ष्यांचा फोटो होता ना, शेकडो पक्षी एकदम उडालेले? तो कसा काढलात एवढेच सांगा."

नेमके तेच सांगणे मला जड होते. दोन दिवस विचार केला आणि ठरवले, की बोलायचे तर त्यावरच बोलायचे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपण कोरड्या मुलखातली माणसे. तूर, ज्वारी, काळी माती, शहाबादी फरशी. कलबुर्गीहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र गाठायला एक रात्र जाते. पण मधली पाच वर्षे माझी बदली बीदर जिल्ह्यात होती. तिथे भालकीजवळच्या कारंजा जलाशयावर मी पहिल्यांदा एक पक्षी नीट पाहिला. राखाडी अंग, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. पाण्यावर हवेत एका जागी थांबायचा आणि दगड पडावा तसा खाली येऊन मासा उचलायचा. तो नदी सुरय. समुद्रावर जे सुरय असतात त्यांचा हा गोड्या पाण्यावरचा भाऊ. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला तर नुसता ठिपका आला. तिथून हे वेड लागले.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. सोबत दोन लेन्स, एक १८-५५ ची आणि दुसरी ५५-२५० ची झूम. पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक २५० मिलिमीटरच्या लेन्सकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने आपण एसटी स्टँडवर पत्र्याची ट्रंक घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे बघतो. सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्या पैशांत वॉशिंग मशीन आले असते." ते खरे होते. ऑफिसात मात्र नाव पडले, 'हक्की सर'. ते अजून चालू आहे.

आपल्या भागाचा आणि पक्षी-अभ्यासाचा संबंध जुना आहे. १९३१-३२ मध्ये डॉ. सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपले बीदर आणि गुलबर्गा तेव्हा त्याच संस्थानात होते. त्या काळी पक्ष्याची पक्की नोंद करायची तर तो बंदुकीने पाडून संग्रहासाठी ठेवावा लागे. मराठीत 'टिपणे' हा शब्द दोन्हीकडे चालतो. बंदुकीने टिपतात आणि कॅमेऱ्यानेही टिपतात. मला वाटायचे, कॅमेऱ्याने टिपले तर पक्ष्याचे काही बिघडत नाही.

आता २०२३ च्या डिसेंबरकडे येतो. २३ तारखेला चौथा शनिवार, मग रविवार, सोमवारी नाताळ. पुढे दोन किरकोळ रजा टाकल्या आणि आम्ही कोकणात निघालो. सोलापूर, पंढरपूर, कराडला मावसभावाकडे मुक्काम, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, खेड, दापोली आणि आंजर्ले. आई रागावली होती. मंगळवारी दत्तजयंती. "गाणगापूर दारात असताना दत्तजयंतीला कोकणात कसले जाता?" मी म्हटले, "आई, आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे, उजव्या सोंडेचा." त्यावर ती थोडी निवली.

सोमवारी पहाटे साडेसहाला मी किनाऱ्यावर हजर. समोर बघतो तर समुद्र कुठल्या कुठे आत गेलेला. ओली वाळू, आणि तिच्या पार टोकाला पांढरे ठिपके. ते सगळे कुरव, म्हणजे आपण ज्यांना सीगल म्हणतो ते पक्षी. चालत जवळ गेलो की ते तेवढेच पुढे सरकायचे. दोन तासांत दीडशे फोटो काढले. घरी दाखवले असते तर वाळूवर लाह्या सांडल्यात असे वाटले असते.

नाश्ता करता करता मी हिशेब मांडला. शेवटी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा आहे. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२ मिलिमीटरच्या आसपास रुंद. २५० ची लेन्स लावली आणि पक्षी ५० मीटरवर असला, तर चौकटीत साडेचार मीटर रुंदीचा किनारा येतो. त्यात हातभर लांबीचा कुरव म्हणजे दहावा हिस्सासुद्धा नाही. तोच पक्षी १० मीटरवर आला, तर चौकट नव्वद सेंटिमीटरची होते आणि कुरव निम्मी चौकट भरतो. ६०० मिलिमीटरची लेन्स असेल तर हाच फोटो २४ मीटरवरून मिळतो. म्हणजे लाखाच्या घरातली लेन्स घेऊन काय मिळते? चौदा मीटर. तेवढे अंतर मला दुसऱ्या कशाने तरी कापायचे होते.

साडेदहाच्या सुमारास पुन्हा किनाऱ्यावर गेलो तर चित्र पालटलेले. पौर्णिमेच्या आदला दिवस, उधाणाची भरती. पाणी सुरूच्या झाडांच्या बाजूला पार वर आले होते आणि उरलेल्या अरुंद पट्टीवर सकाळचे सगळे ठिपके एकत्र बसलेले. तपकिरी डोक्याचे कुरव, काळ्या डोक्याचे कुरव, मध्येच तुरेवाले सुरय. तीन-चारशे तरी असतील. एका पायावर उभे, माना पिसांत खुपसलेल्या. मला वाटले, हे सगळे एकदम उडाले तर काय फोटो येईल!

माझा धाकटा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला म्हटले, "मी तीन म्हटले की त्यांच्यातून पळत जा." मुलांना एवढेच हवे असते. एक, दोन, तीन. तो ओरडत पळाला, सगळा थवा उठला आणि मी बटण दाबून धरले. तो तुम्ही पाहिलेला फोटो.

तिथेच एक वयस्कर कोळी जाळे नीट करत बसले होते. त्यांनी हाक मारून विचारले, "पोराला कशाला पळवलंत?" मी म्हटले, "फोटोसाठी." ते रागावले नाहीत. म्हणाले, "मघाशी ती गाडीवाली पोरं येऊन उठवून गेली, आता तुम्ही. भरतीला बसायला त्यांना एवढीच पट्टी राहते. आता पाणी ओसरेपर्यंत वर फिरत बसतील." आम्ही तासभर होतो. थवा वर घिरट्या घालायचा, खाली यायला बघायचा, तेवढ्यात कोणीतरी पर्यटक यायचे. थोडे पक्षी लांब दगडांवर टेकले. बाकीचे हर्णै बंदराच्या बाजूला निघून गेले.

उठता उठता त्या काकांनी एक गोष्ट सांगितली. "जवळून बघायचे तर दशमी-एकादशीला या. तेव्हा भरती सकाळच्या उन्हात असते. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते."

घरी येऊन फोटो संगणकावर मोठा केला. उजव्या कोपऱ्यात माझ्या मुलाचा उचललेला पाय आला होता, चपलेसकट. प्रदर्शनाला देताना मी ती कड कापली. २०२४ च्या गणपतीत फोटो लागला. तुम्ही सर्वांनी कौतुक केले. एका पाहुण्यांनी विचारले, "इतके पक्षी एकदम उडाले, तुम्हाला क्षण बरोबर कसा सापडला?" मी म्हटले, "नशीब." मुलगा शेजारीच उभा होता. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. काही बोलला नाही.

हीच ती कबुली.

तुम्ही म्हणाल, पक्षी उडाले, परत बसले, त्यात एवढे काय? मलाही तसेच वाटले होते. म्हणून नंतर वाचले. तपकिरी डोक्याचा कुरव आपल्या किनाऱ्यावर फक्त हिवाळ्याचा पाहुणा. त्याचे घर लडाख आणि तिबेटच्या तलावांवर, चार हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर. तिथे पाणी गोठते म्हणून तो खाली येतो आणि उन्हाळा लागताना परत जातो. त्या प्रवासाची शिदोरी त्याला अंगातच साठवायची असते. ओहोटीला तो खातो आणि भरतीला विश्रांती घेतो. म्हणजे भरतीची ती दोन-तीन तासांची पट्टी ही त्याची झोपायची खोली. मी तिथे मुलाला पळवले. माझ्या आधी आणि माझ्या नंतरही त्याच दिवशी कोणीतरी पळवले असणार. प्रत्येकाला वाटते, मी तर एकदाच केले.

दुसरा सोपा मार्ग खाऊ टाकण्याचा. गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला गेलेल्यांनी लाँचमागे येणारे कुरव पाहिले असतील. लोक वेफर, गाठिया उधळतात आणि फोटो अगदी हाताच्या अंतरावरून मिळतो. पण मीठ-तेलाचे तळलेले खाणे मासे-किडे खाणाऱ्या पक्ष्याचे अन्न नव्हे, आणि एकदा ते फुकट मिळायला लागले की तो लाँचमागेच फिरतो. ही युक्तीही मी बाद केली. मग चौदा मीटर कापायला राहिले काय? काकांनी सांगितलेली तिथी.

आता हे मुलांनी नीट ऐका, पुढे शाळेतही कामाला येईल. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची. तिला पाऊणने गुणायचे. आलेला आकडा म्हणजे भरतीची साधारण वेळ, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमा पंधरावी, म्हणून सव्वाअकरा. अष्टमी म्हणजे सहा. दशमी साडेसात, एकादशी सव्वाआठ. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, त्यावरून हा हिशेब आहे. ठिकाणाप्रमाणे थोडे मागेपुढे होते, पण सुट्टी ठरवायला पुरे. आम्ही पौर्णिमेच्या सुमारास गेलो होतो, म्हणून सकाळी समुद्र आत आणि पक्षी लांब. चूक लेन्सची नव्हतीच.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी पाठ केले. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे. रात्री आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. परीक्षेनंतर मला ते पहिल्यांदाच उपयोगी पडले. पक्षी विमानासारखा वाऱ्याकडे तोंड करून उतरतो आणि बसतानाही बहुधा तिकडेच तोंड करून बसतो, नाहीतर पिसे उलटी होतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी मतलई वारा आपल्या पाठीकडून येतो, म्हणजे पक्ष्याचे तोंड आपल्याकडे. सूर्यही पाठीमागे, डोंगराच्या बाजूला, म्हणजे ऊन त्याच्या चेहऱ्यावर. दुपारनंतर दोन्ही उलटे होते. वारा समुद्राकडून, सूर्य समोरून. मग मिळतात त्या शेपट्या, त्याही काळ्या. पर्यटक सूर्यास्ताला गर्दी करतात. पक्ष्यांसाठी सकाळ.

तर २०२४ च्या नाताळात आम्ही पुन्हा आंजर्ल्याला गेलो. २५ डिसेंबरला पोचलो, २६ ला मार्गशीर्ष वद्य एकादशी. या वेळी आई खूश होती. एकादशीचा उपास आणि कड्यावरचा गणपती एकाच दिवशी. तिने मला जुन्या लुगड्याची एक पिशवी शिवून दिली होती. तिच्यात दोन किलो तूर भरली. वाळूवर पालथे झोपायचे आणि कॅमेरा त्या पिशवीवर टेकवायचा, हात हलत नाही. फोटोग्राफीच्या दुकानात अशी पिशवी विकत मिळते. आपल्याकडे तूर घरचीच.

सूर्य वर यायच्या आधी मी आणि धाकटा जाऊन बसलो. पक्षी साठ-सत्तर मीटरवर होते. पाणी हळूहळू चढत होते. मी कॅमेरा लावला आणि मुलाने हळूच विचारले, "बाबा, आता पळू?"

त्या प्रश्नाने मला जे वाटले ते प्रदर्शनात 'नशीब' म्हणतानाही वाटले नव्हते. वर्षभर त्याच्या डोक्यात हेच होते, की पक्ष्यांचा फोटो असा काढतात. बाबांनीच शिकवले होते. मी म्हटले, "नाही. आज आपण हलायचेच नाही. तेच येतात का बघू." तो म्हणाला, "आणि नाही आले तर?" मी म्हटले, "तर घरी जाऊन आंबोळ्या खाऊ."

दीड तास पडून होतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दीड तास फार असतो. त्याला दुर्बीण दिली आणि मोजायला सांगितले. हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके तपकिरी नसतेच. पांढऱ्या डोक्यावर डोळ्यामागे एक गडद ठिपका राहतो, कानात इअरफोन घातल्यासारखा. काळ्या डोक्याच्या कुरवालाही तसाच ठिपका. फरक डोळ्यात. पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचे बुबुळ फिकट असते, काळ्या डोक्याच्याचे गडद. उडताना पाहिला तर पहिल्याच्या काळ्या पंखटोकांत पांढरे ठिपके दिसतात. मुलाने सव्वाशेपर्यंत मोजले आणि मग वाळूवर डोके ठेवून पडून राहिला.

एकादशीची भरती उधाणासारखी चढत नाही, तरी जेवढी चढली तेवढी पुरली. लाट आली की पुढचे पक्षी चार पावले आमच्याकडे चालत यायचे. पुन्हा लाट, पुन्हा चार पावले. आम्ही आडवे पडलेले, त्यांच्या दृष्टीने दोन ओंडके. आठ वाजून गेल्यावर पहिला कुरव दहा मीटरवर होता. चौदा मीटर त्यांनीच कापून दिले होते.

हा पडद्यावर आहे तो फोटो. एक तपकिरी डोक्याचा कुरव एका पायावर उभा राहून एक पंख आणि त्याच बाजूचा दुसरा पाय मागे ताणतो आहे. म्हणजे आळस देतो आहे. घाबरलेला पक्षी आळस देत नाही. फिकट डोळा नीट दिसतो, त्यात सकाळच्या उन्हाचा एक ठिपका आहे. गेल्या वर्षीच्या फोटोइतका भव्य नाही. पण याची एकही कड कापलेली नाही.

आता थोडे तांत्रिक, ज्यांना करून बघायचे असेल त्यांच्यासाठी. स्वस्त झूम शेवटच्या टोकाला, पूर्ण उघड्या छिद्रावर थोडी मऊ येते. छिद्र एफ ८ ला ठेवले की धार सुधारते. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, उडत्याला दोन हजारावा. त्यासाठी आयएसओ ८०० पर्यंत न्यायला घाबरू नका. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो चालत नाही. गडद पाण्यासमोर पांढरा पक्षी असेल तर कॅमेरा फसतो आणि पिसे जळून सपाट पांढरी येतात, म्हणून उजेड थोडा कमी करायचा. उजळ आकाशासमोर उलट, थोडा वाढवायचा. कॅमेरा पक्ष्याच्या उंचीला आणा. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ आणि वाळूच येते. दहानंतर वाळू तापते, हवा थरथरते, मग लाखाची लेन्ससुद्धा काही करू शकत नाही. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. माझ्या झूमच्या कड्यात पहिल्या वर्षीची वाळू अजून करकरते.

सराव मात्र समुद्रावर करायचा नसतो. बीदरच्या किल्ल्यावर घारी आहेत, कारंजावर सुरय आहेत, आपल्या गावातल्या तळ्यांवर बगळे आहेत. उडता पक्षी चौकटीत धरून ठेवायला मी तिथेच शिकलो. शंभरात दोन फोटो बरे येतात. पूर्वी पाच आले की गावभर दाखवायचो, आता दोन ठेवतो.

शेवटची एक विनंती चिटणीसांना. त्यांनी यंदाच्या गणपतीत प्रदर्शनासाठी पुन्हा फोटो मागितला आहे. हा आळस देणारा कुरव देईनच. पण गेल्या वर्षीचा थव्याचा फोटोही लावायचा असेल, तर मी न कापलेली प्रत देतो, उजव्या कोपऱ्यातल्या पायासकट. आणि खाली कोणी विचारले, इतके पक्षी एकदम कसे उडाले, तर उत्तर द्यायला धाकटा तिथे उभा राहणार आहे. त्याने कबूल केले आहे. मीही शेजारी असेनच.